निःशस्त्र शूर

शूर पुरुष म्हटला की, हाती शस्त्र घेऊन रणांगणावर झुंजणारा वीर आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु ज्याच्या हातचे शस्त्र गेले आहे, ज्याला पोटभर अन्न मिळत नाही आणि जो सर्वस्वी शत्रूच्या स्वाधीन झाला आहे, अशा कैद्यालाही शौर्य गाजविता येते. कॅप्टन मतीन अहमद अन्सारी हे अशाच शूरांपैकी एक होत.

कॅप्टन अन्सारी हे हैदराबादचे राहणारे. आजचा मराठवाडा त्या काळी ज्या हैदराबाद संस्थानात मोडत असे, त्या संस्थानच्या निजामाच्या घराण्याशी त्यांचे नाते होते. सातव्या राजपूत रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीत ते अधिकारी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही पलटण हाँगकाँग येथे होती. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील हे बंदर तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होते. ते १९९७ मध्ये चीनकडे परत गेले.

८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी सैन्याने हाँगकाँगवर हल्ला चढविला. ब्रिटिश, कॅनडियन, हिंदी व चिनी सैनिकांनी अठरा दिवस झुंज दिली. अखेर २५ डिसेंबर रोजी हाँगकाँग पडले आणि हजारो सैनिक युद्धकैदी झाले. अन्सारी त्यांपैकीच एक होते.

हा तरुण अधिकारी मोठ्या राजघराण्याचा आप्त आहे, हे जपान्यांना लवकरच कळले. त्याने आपली शपथ मोडावी आणि छावणीतील हिंदी कैद्यांची मनेही फिरवावीत, असा त्यांनी आग्रह धरला. अन्सारींनी तो साफ नाकारला. तेव्हा मे १९४२ मध्ये त्यांना स्टॅन्ली येथील तुरुंगात टाकण्यात आले. तेथे त्यांची उपासमार झाली, अनन्वित छळ झाला. पण त्यांचा निश्चय ढळला नाही.

त्याच काळात देशाच्या स्वातंत्र्यासाठी अनेक हिंदी सैनिक आझाद हिंद सेनेत गेले, हे तुम्ही इतिहासात वाचाल. त्यांचा मार्ग निराळा होता. परंतु स्वतः विचार करून मार्ग निवडणे वेगळे आणि मारहाणीच्या भयाने मान तुकविणे वेगळे. अन्सारींनी भयापुढे मान तुकविली नाही.

छावणीत परत आल्यावर ते स्वस्थ बसले असते, तर कदाचित त्यांचे प्राण वाचले असते. परंतु बंदिवासातून निसटू पाहणाऱ्या सोबत्यांना ते गुप्तपणे साहाय्य करू लागले. हे काम जिवावरचे होते. पुढे ते उघडकीस आले आणि १९४३ मध्ये त्यांना पुन्हा तुरुंगात डांबण्यात आले. या वेळच्या छळाने त्यांचे शरीर पार खचून गेले. तरीही त्यांनी धीर सोडला नाही.

२९ ऑक्टोबर १९४३ रोजी स्टॅन्लीच्या समुद्रकाठी तीसहून अधिक बंद्यांना देहदंड देण्यात आला. त्यांत ब्रिटिश होते, चिनी होते आणि हिंदीही होते. कॅप्टन अन्सारी त्यांच्याबरोबरच मृत्यूला सामोरे गेले. त्या वेळी त्यांनी वयाची तिशीही गाठली नव्हती. १९४६ मध्ये त्यांना मरणोत्तर 'जॉर्ज क्रॉस' हे पदक जाहीर झाले. शत्रूशी प्रत्यक्ष लढाई चालू नसताना दाखविलेल्या असामान्य धैर्याचा गौरव या पदकाने होतो.

युद्धकैद्याला माणुसकीने वागवावे, त्याचा छळ करू नये, असे १९४९ च्या जिनीव्हा कराराने सर्व राष्ट्रांना बजावले आहे. आपले नाव, हुद्दा, जन्मतारीख व सैनिकी क्रमांक यांपलीकडे काही सांगण्याची सक्ती कैद्यावर करता येत नाही. महायुद्धात कैद्यांनी सोसलेल्या हालांचे स्मरण या करारामागे आहे.

स्टॅन्ली येथील लष्करी स्मशानभूमीत कॅप्टन अन्सारी चिरनिद्रा घेत आहेत. जवळच समुद्राच्या लाटा अखंड किनाऱ्यावर येत असतात. मायभूमीपासून इतक्या दूर, विजयाची आशा नसताना, कोणी पाहत नसतानाही हा तरुण आपल्या शब्दाला जागला. मुलांनो, असे शौर्य दाखविण्यास शस्त्र लागत नाही; मनाचा निर्धार लागतो.

स्वाध्याय

१. जपान्यांनी कॅप्टन अन्सारींकडे कोणता आग्रह धरला? तो का?
२. छावणीत परतल्यावर अन्सारींनी कोणते काम हाती घेतले?
३. 'शौर्य दाखविण्यास शस्त्र लागत नाही' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. वाक्यांत उपयोग करा : मान तुकविणे, धीर न सोडणे, शब्दाला जागणे.