जमीन ही अमानत : वक्फचा धडा



सूरह अल्-बकराच्या तिसाव्या आयतीत मानवाला पृथ्वीवरील खलीफा म्हटले आहे. खलीफा हा धनी नसतो. खऱ्या धन्याने सोपविलेल्या वस्तूचा तो राखणदार असतो. सात-बाराच्या उताऱ्यावर आपले नाव असले, तरी अल्लाहच्या दरबारात आपण त्या जमिनीचे केवळ अमानतदार आहोत.

या तत्त्वाला व्यवहाराचे रूप कसे मिळाले, ते पाहा. ह. उमर (रजि.) यांना खैबर येथे उत्तम जमीन मिळाली. तिचे काय करावे, असे त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले. जमीन मूळची तशीच राखून तिचे उत्पन्न दान करावे, असा मार्ग त्यांना दाखविण्यात आला. ती विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारशाने वाटायची नाही; उत्पन्न मात्र गरीब, आप्त, पाहुणे आणि वाटसरू यांचे. मुतवल्लीने रीतीप्रमाणे पोटापुरते घ्यावे, संपत्ती साठवू नये, अशीही अट होती. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे.

दुसरा दाखला ‘हिमा’चा, म्हणजे राखीव कुरणाचा. खिलाफतीच्या काळात ह. उमर (रजि.) यांनी हुनय नावाच्या आपल्या मुक्त सेवकाला कुरणावर नेमले आणि पीडिताच्या बद्दुआपासून जपण्याची ताकीद दिली. थोडी जनावरे असणाऱ्यांना आत येऊ द्यावे, ह. अब्दुर्रहमान बिन औफ आणि ह. उस्मान (रजि.) या धनवानांचे कळप मात्र बाहेर ठेवावेत, असे त्यांनी बजावले. कारण धनवानांची जनावरे मेली, तर त्यांना शेती आणि खजुरीच्या बागा आहेत. गरिबाची मेली, तर तो मुलाबाळांसह दारी येईल. राखणीची कसोटी हीच आहे : कुंपणाच्या आत दुर्बलाला जागा आहे काय?

आपल्या रायगडातही या विषयाचा मोठा धडा आहे. भूदान चळवळीचे विनोबा भावे पेण तालुक्यातील गागोदे गावी १८९५ साली जन्मले. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे त्यांना १०० एकरांचे पहिले दान मिळाले. पुढे देशभर लाखो एकर जमीन दान झाली. पण त्यांतील पुष्कळशी गरजूंपर्यंत पोहोचलीच नाही. दान एका दिवसात होते, राखण मात्र पिढ्यान्‌पिढ्या करावी लागते. याउलट गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने आधी वर्षानुवर्षे ग्रामसभेत एकत्र बसून निर्णय घेण्याची सवय लावली, २००९ साली जंगलावरील सामूहिक हक्क मिळविला आणि २०१३ साली ग्रामदानाचा ठराव केला.

आता रोह्याला लागून असलेल्या वरसेसारख्या गावांचा विचार करा. शहर वाढते, जमिनीचे भाव चढतात, आणि मशिदीच्या वा कब्रस्तानाच्या नावे पूर्वजांनी ठेवलेल्या तुकड्यावर अनेकांची नजर जाते. वीतभर जमीन अन्यायाने बळकावणाऱ्याच्या गळ्यात कियामतच्या दिवशी सात जमिनींचे जोखड पडेल, असा इशारा हदीसमध्ये आहे. वक्फची जमीन बळकावणारा तर गरिबांचा, अनाथांचा आणि पुढील पिढ्यांचाही हक्क बुडवितो.

म्हणून प्रत्येक मोहल्ल्याने चार गोष्टी कराव्यात. वक्फ जमिनीचा सात-बारा तपासून मोजणी करून घ्यावी. जमा-खर्च दरवर्षी सर्वांसमोर वाचावा. भाडे ओळखीने नव्हे, वाजवी दराने ठरवावे आणि त्याचा लाभ प्रथम गरजूला द्यावा. मोकळ्या जागेत झाडे लावावीत. झाडाचे फळ माणसाने, पक्ष्याने वा जनावराने खाल्ले, तरी लावणाऱ्यास सदक्याचे पुण्य मिळते.

पेणच्या खारजमिनीत बांधाला एका ठिकाणी खांड पडली, तरी खाडीचे खारे पाणी सर्वांच्या भातशेतीत शिरते. वक्फचेही तसेच आहे. राखण केवळ मुतवल्लीची नाही. गप्प बसणाऱ्यालाही जाब द्यावा लागेल.

अल्लाह आपणा सर्वांना ही अमानत सांभाळण्याची सद्‌बुद्धी देवो. आमीन.