चिटणिशी बखर आणि तुझा प्रबंध

आजरा, जि. कोल्हापूर

चि. भाचीस,


राजकीय अपप्रचार आणि इतिहासाची लोकस्मृती यांवरील तुझ्या प्रबंधाचा आराखडा पाहिला. त्यातील उदाहरणे 2023 च्या जूनमध्ये ऐतिहासिक व्यक्तींविषयीच्या मोबाइलवरील स्टेटसपायी पेटलेल्या कोल्हापुरापासून सुरू होतात. माझ्या मते ती दोन शतके आधीपासून सुरू व्हावयास हवीत.

संभाजी महाराजांचा वध 1689 सालचा. आणि त्यांना व्यसनी व उच्छृंखल ठरविणारी जी मल्हार रामराव चिटणिसांची बखर पुढे नाटककारांनी प्रमाण मानली, ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, ज्या बाळाजी आवजींना महाराजांनी 1681 मध्ये कटाच्या संशयावरून देहान्त शासन दिले त्यांच्याच वंशजाने लिहिलेली. सव्वाशे वर्षांनंतर बोलणारा आणि घरचे वैर असलेला हा साक्षीदार दिवाणी अदालतीत कोणत्याही वकिलाने क्षणभर टिकू दिला नसता. इतिहासात मात्र त्याची जबानी विसाव्या शतकापर्यंत जवळजवळ बिनहरकत रुजू राहिली. तथापि वैर सिद्ध झाले म्हणून सारा मजकूर बनावट, असे लिहून मोकळी होऊ नकोस. सभासदाने आपली बखर जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली, इतिहासकार खाफीखान मोगलांच्या चाकरीतला, आणि 1680 चे संस्कृत दानपत्र तर खुद्द संभाजी महाराजांचे; कसोटी सर्वांना एकच लाव.

वा. सी. बेंद्र्यांनी दप्तरे धुंडाळून 1960 साली महाराजांचे साधार चरित्र प्रसिद्ध केले, कमल गोखल्यांनी ते कार्य पुढे नेले. पण घरोघरची समजूत पालटली ती आपल्या आजऱ्यात जन्मलेल्या शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ने. (आजरेकर म्हणून मला याचा अभिमान आहे, हे तुझ्या मार्गदर्शकांस कळवू नकोस.) त्या कादंबरीवर 2025 मध्ये चित्रपट निघाला, तेव्हा शिर्के घराण्याच्या वंशजांनी पूर्वजांना फितूर दाखवून केलेल्या बदनामीबद्दल दाव्याचा इशारा दिला आणि दिग्दर्शकास दिलगिरी व्यक्त करावी लागली, तिकडे चित्रपट पाहून बुऱ्हाणपुराजवळ असीरगडाच्या परिसरात माणसे रात्री विजेऱ्या घेऊन मोगली मोहरांसाठी शेते खणू लागली! एका पुरुषाच्या माथ्यावरचा कलंक धुतला जाताना तो दुसऱ्याच्या माथी गेला, तो कागदाच्या आधाराने की कथेच्या गरजेने, हा प्रश्न तुझ्या प्रबंधाचा गाभा व्हावा.

तेव्हा प्रथम प्रत्येक साधनाचा कर्ता, लेखनकाल, आश्रयदाता आणि प्रसंगापासूनचे अंतर यांचा तक्ता तयार कर. तो हाती आल्यावाचून पुढले प्रकरण मी वाचणार नाही.

तुझा,
मामा