दुर्बीण पोटात घालण्याआधी गोळ्यांची पिशवी दाखवा

पोटात जळजळ झाली की आमच्या वस्तीतला पहिला डॉक्टर म्हणजे कोपऱ्यावरचे मेडिकल. (यवतमाळात मेडिकल म्हणजे औषधाचे दुकान की वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना, हे बोलण्यावरून ओळखावे लागते. इथे दुकानच म्हणायचे आहे.) चिठ्ठी लागत नाही, नंबर लावावा लागत नाही. "गॅसची द्या" म्हटले की पट्टी हातात पडते.

वर्षावासात ग्रंथवाचनासाठी विहारात जमलो असता एका मावशींनी आपली गोष्ट सांगितली. त्या कापूस वेचायला जातात. कंबर दुखली की दुखण्याची गोळी, त्याने पोट जळले की पॅन्टोप्राझोल, असे तीन वर्षे चालले होते. शेवटी डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून पोट तपासायला सांगितले. तपासणीआधी विचारले, "कोणते औषध चालू आहे?" मावशी म्हणाल्या, "काहीच नाही." त्या खोटे बोलल्या नव्हत्या. दवाखान्यातून मिळते ते औषध आणि दुकानातून आणली ती नुसती गोळी, असेच त्या धरून चालत होत्या. आपल्यापैकी बरेच जण तसेच धरतात. तपासणीत जंतू सापडला नाही, दुखणे मात्र तसेच राहिले.

हा जंतू म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी. पोटातल्या अल्सरचे ते एक मोठे कारण आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातील वॉरेन आणि मार्शल या डॉक्टरांनी 1982 साली त्याचा शोध लावला. पुढे लोक मानेनात म्हणून मार्शल यांनी स्वतःच जंतूंचे पाणी पिऊन दाखवले! 2005 साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

दुर्बिणीतून पोटाच्या अस्तराचा बारीकसा तुकडा काढून एका खास औषधात ठेवतात. जंतू असेल तर औषधाचा पिवळा रंग गुलाबी होतो. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल अशा गोळ्या चालू असतील तर जंतू मरत नाहीत, पण कमी होतात आणि नेहमीची जागा सोडून पोटाच्या वरच्या भागाकडे सरकतात. मग तुकडा कोरा निघतो आणि रिपोर्ट चांगला येतो. म्हणून या गोळ्या निदान दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावे लागते. याहून मोठी भीती वेगळीच आहे. या गोळ्यांनी कधी कधी कॅन्सरची जखमही वरून भरल्यासारखी दिसते आणि नजरेतून सुटू शकते.

पण हे वाचून कोणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, घास अडकणे, वजन उतरणे यातले काही असेल तर दोन आठवडे थांबायचेच नाही, लगेच दवाखाना गाठायचा. काय बंद करायचे ते डॉक्टर सांगतील. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन तर विचारल्याशिवाय एक दिवसही सोडू नये.

दुखण्याच्या गोळ्यांनी, म्हणजे डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांनी, पोटात जखमा होतात आणि रक्त पातळ राहते. कोंब किंवा गाठ काढायची असेल तर रक्तस्राव वाढू शकतो. तपासणीच्या सकाळी जळजळ होते म्हणून गुलाबी सिरप घेऊन जाणारेही आहेत. त्याचा थर अस्तरावर बसतो आणि खालचे दिसत नाही.

मोठ्या आतड्याची तपासणी, म्हणजे खालून दुर्बीण, असेल तर आपल्या बायाबापड्यांनी एक गोष्ट मुद्दाम सांगावी. आशाताई देतात त्या रक्तवाढीच्या लाल गोळ्यांनी शौच काळी आणि चिकट होते, जुलाबाचे औषध घेऊनही आतडे साफ होत नाही. त्या साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात. इसबगोलचेही विचारून घ्यावे. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर उपाशीपोटी काय करायचे ते आदल्या दिवशीच विचारावे, नाहीतर चक्कर येऊन पडायची वेळ येते.

आणि खर्रा! तो औषध नाही, पण इथे त्याचे नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. वर्षानुवर्षे सुपारी-तंबाखू खाऊन ज्यांचे तोंड दोन बोटेसुद्धा उघडत नाही, त्यांच्या तोंडातून दुर्बीण घालायची कशी? तोंड कमी उघडत असेल तर तारीख घेतानाच सांगावे.

घरातल्या सगळ्या पट्ट्या, सिरप, पुड्या, कोणी दिलेली जडीबुटीसुद्धा, एका पिशवीत घालून न्यावी. नावे वाचता येत नसली तरी चालते, पिशवी दाखवली की झाले. मावशींनी दुसऱ्या खेपेला तेच केले. गोळ्या बंद ठेवून पुन्हा तपासणी झाली, तुकडा गुलाबी झाला आणि 14 दिवसांचा कोर्स सुरू झाला. कोर्स संपून महिना झाला की जंतू गेला की नाही ते पाहायचे आहे आणि त्याआधीचे दोन आठवडे पॅन्टोप्राझोल पुन्हा बंद. मावशींचा स्वतःवर भरवसा नाही, म्हणून उरलेली पट्टी त्यांनी सुनेच्या पेटीत कुलपात ठेवायला दिली आहे.