दिसत नाही, पण आहे!

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका आधीच माफ करा!

या वर्षी एनएसएसच्या कॅम्पमध्ये गावातल्या शाळेत सहावीच्या मुलांना ब्लॅक होल शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी ऐटीत सुरुवात केली, "खूप मोठा तारा शेवटी स्वतःच्याच वजनाने कोसळतो. मग त्याचं गुरुत्वाकर्षण इतकं वाढतं की प्रकाशसुद्धा बाहेर सुटत नाही. हेच कृष्णविवर."

एका मुलीने हात वर केला. "ताई, मग ते दिसणार कसं? आणि दिसतच नाही, तर आहे कशावरून?"

माझी बोलतीच बंद! "उद्या सांगते," म्हणून वेळ मारून नेली. फॉर्म्युले पाठ होते, पण हा साधा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोन मुलींना फुगडी घालायला लावली. "समजा अंधार आहे. एकीचे कपडे काळे, दुसरीचे पांढरे. काय दिसेल?"

"पांढरीच गोल फिरताना दिसेल."

"पण तिचे हात कोणीतरी धरलेत, हे कळेल ना?"

हंस तारकासमूहात, सुमारे ७,२०० प्रकाशवर्षांवर, एक निळा तारा अशीच फुगडी घालतोय. एक फेरी ५.६ दिवसांची. जोडीदार दिसत नाही, पण त्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे २१ पट! त्याचं नाव सिग्नस एक्स-१. ताऱ्याचा वायू त्याच्याकडे ओढला जातो, भोवऱ्यासारखा फिरत लाखो अंश तापतो आणि आत पडण्याआधी क्ष-किरण फेकतो.

हे किरण आपलं वातावरण अडवतं. आपल्या जिवाला ते बरंच, पण जमिनीवरच्या दुर्बिणीला काही मिळत नाही. म्हणून दुर्बीणच वर न्यावी लागते. १९७० साली 'उहुरू' हा उपग्रह गेला. १९९९ मध्ये 'चंद्रा' दुर्बीण गेली, तिला आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव आहे. क्ष-किरण समोरून आरशावर पडले तर आतच शिरतात. चपटा दगड तिरका फेकला की पाण्यावर टप्पे घेतो ना, तसे ते तिरके आले तरच उसळतात. म्हणून चंद्राचे आरसे नळीसारखे, किरणांना जवळजवळ समांतर बसवलेत. २०१५ मध्ये भारताने 'ॲस्ट्रोसॅट' सोडला. त्यावरच्या क्ष-किरण दुर्बिणीसाठी मुंबईच्या टीआयएफआरमधल्या शास्त्रज्ञांनी खूप मेहनत घेतली.

मुलं खूश. मीही खूश. तेवढ्यात तोच हात पुन्हा वर!

"ताई, आत पडलेल्याचं पुढे काय होतं?"

"ते अजून कुणालाच नक्की माहीत नाही," मी म्हणाले. या वेळी मात्र मला अजिबात लाज वाटली नाही. "तू शोधून काढ आणि मला सांग."