मोटारीचे मिस्त्री

कऱ्हाडहून पाटणमार्गे चिपळूणकडे जाणारा रस्ता पुढे कुंभार्ली घाटाने कोकणात उतरतो. या रस्त्याच्या कडेला, एका जुन्या चिंचेच्या झाडाखाली, पत्र्याची एक लहानशी शेड आहे. शेडपुढची जमीन वर्षानुवर्षे सांडलेल्या तेलाने काळीभोर व घट्ट झाली आहे. हेच मिस्त्रींचे गॅरेज. त्यांचे खरे नाव गावात फार थोड्यांना ठाऊक असेल. लहानथोर सर्वजण त्यांना ‘मिस्त्री’ म्हणूनच हाक मारतात.

मिस्त्रींनी आता साठी ओलांडली आहे. या धंद्यात ते आले तेव्हा तुमच्याच वयाचे होते. वडील वारले, सहावीत शाळा सुटली आणि चुलत्यांनी त्यांना एका गॅरेजात नेऊन उभे केले. पहिली दोन वर्षे पगार असा नव्हताच. दुपारची भाकरी, दोन वेळचा चहा आणि दिवाळीला कपड्यांचा एक जोड, एवढीच कमाई. सुटे भाग रॉकेलमध्ये धुवावेत, पाने पुसून ओळीने लावावेत, हे त्यांचे काम. उस्ताद गाडीखाली आडवे होत, नुसता हात बाहेर काढीत आणि म्हणत, “बारा-तेरा!” दोन तोंडांच्या पान्यावर दोन आकडे कोरलेले असतात. एक तोंड बारा मिलिमीटरच्या नटाला बसते, दुसरे तेराच्या. मोठ्या मापाचा पाना लावला तर नटाचे कोपरे झिजतात आणि मग तो कोणत्याच पान्याला दाद देत नाही. पाना चुकला की तोच पाना पोराच्या पाठीवर बसे. मिस्त्री हे हसत हसत सांगतात. परंतु आपल्या गॅरेजात त्यांनी असा पोर कधीही ठेवला नाही. चौदा वर्षांखालील मुलाला असे कामाला लावणे हा आज गुन्हा आहे. पण कायद्याचे भय नसते, तरीही मिस्त्रींनी ते केले नसते.

त्या दिवसांत त्यांनी जे मिळवले, ते कानांनी मिळवले. जुन्या गाडीचे इंजिन चालू असता ते डोळे मिटून उभे राहत. चार सिलिंडरांचे इंजिन ठरलेल्या क्रमाने धडधडते. पुष्कळ गाड्यांत तो क्रम पहिला, तिसरा, चौथा, दुसरा असा असतो. एखाद्या सिलिंडरात ठिणगी पडली नाही, म्हणजे भजनात एक टाळ चुकावा तसा ठेका मोडतो. मग प्लग काढून पाहायचा. त्याचे टोक फिकट तपकिरी असेल, तर इंजिनाचे पोट ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त जळते आहे. टोक तेलाने ओले असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असण्याचा संभव फार. वैद्य जशी जीभ पाहतो, तसा मिस्त्री प्लग पाहतो.

एवढे ज्ञान असूनही मजुरीचा प्रश्न आला की मिस्त्रींची पंचाईत होते. एकदा एक गृहस्थ आले. त्यांची गाडी सुरू होत नव्हती. किल्ली फिरवली की नुसते ‘टक’ असा आवाज येई. बॅटरी गेली असे त्यांना कोणी तरी सांगितले होते आणि नव्या बॅटरीचे काही हजार रुपये खर्च करण्याची त्यांनी तयारीही ठेवली होती. मिस्त्रींनी पाहिले, तो बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी चढलेली. ती त्यांनी गरम पाण्याने धुतली, टोके घासली, तारा घट्ट आवळल्या. गाडी चटकन सुरू झाली. मिस्त्रींनी शंभर रुपये मागितले. “दहा मिनिटांचे शंभर? आणि बदलले तर काहीच नाही!” असे म्हणून गृहस्थांनी पन्नास रुपये टेकवले. त्यांना नवी बॅटरी दिली असती, तर त्यांनी खुशीने पैसे मोजले असते, आणि मिस्त्रींनाही दुकानदाराकडून चार पैसे सुटले असते. नवा भाग डोळ्यांना दिसतो. काय बिघडले हे ओळखण्याची विद्या दिसत नाही. म्हणून तिचे मोल करताना माणसे हात आखडतात. मिस्त्री त्यावर फार बोलत नाहीत. ऊसवाल्यांची उधारी कारखान्याचे बिल आल्यावर फिटते आणि पावसाळ्यात काम कमी असते, तरीही मदतनिसाचा पगार मात्र महिन्याच्या एक तारखेला द्यावाच लागतो, एवढेच ते सांगतात.

एका संध्याकाळी मात्र हा मजुरीचा प्रश्न निराळ्याच रूपाने त्यांच्यापुढे उभा राहिला. वऱ्हाडाची एक जुनी जीप गॅरेजपुढे थांबली. आत नऊ माणसे होती. दुसऱ्या दिवशी चिपळुणात लग्न होते. ब्रेक दाबताना पाय खोल जातो, एवढीच मालकांची तक्रार होती. मिस्त्रींनी चाक उतरवले. ते आतल्या बाजूने ओले झाले होते.

मोटारीचा ब्रेक तेलावर चालतो. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दाब दिला, तर तो सर्व बाजूंना सारखाच पोहोचतो, हा नियम सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडला. पायाचा दाब याच नियमाने नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो. परंतु अशा जुन्या जीपमध्ये एका चाकाशी तेल गळू लागले, तर चारही चाकांचा दाब उतरतो. येथे चाकाजवळच्या सिलिंडरचे रबर फाटले होते. नवे रबर कऱ्हाडला मिळणार होते आणि तिथली दुकाने तर बंद झाली होती.

“तेल भरा आणि सोडा, मिस्त्री,” मालक म्हणाले. “दुप्पट मजुरी देतो.”

“दादा, घाट उतरायचा आहे. वळणावळणाला ब्रेक लागणार. तेल घाटातच संपेल.”

“गाडी माझी, जीव माझा!”

“जीव तुमच्या एकट्याचा असता, तर गोष्ट वेगळी होती. आत नऊ माणसं आहेत. समोरून येणारी कोणी मोजली?”

मिस्त्रींनी चाक पुन्हा बसवले नाही. ते शेडमध्ये नेऊन ठेवले. मालक खूप बोलले. त्यातले काही शब्द येथे लिहिण्याजोगे नाहीत. मिस्त्रींनी मदतनिसाला रस्त्यावर उभे केले, शेवटची एस.टी. थांबवली आणि वऱ्हाड तिच्यात बसवून दिले. मालक रात्रभर बाकावर बसून राहिले. मिस्त्रींच्या घरून आलेली पिठलं-भाकरी त्यांनी खाल्ली, पण बोलले नाहीत.

सकाळी रबर आले. ते बसवल्यावर नळ्यांतील हवा काढावी लागते, कारण तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. नळीत बुडबुडा राहिला तर पायाचा जोर त्यातच मुरतो. एकाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने चाकापाशी नळी धरून बुडबुडे पाहायचे. शेवटचा बुडबुडा गेल्यावर मिस्त्रींनी पेच आवळला आणि नेहमीचीच मजुरी सांगितली. मालकांनी पैसे मोजून दिले आणि ते निघून गेले. मुहूर्ताला ती जीप पोहोचली की नाही, हे मिस्त्रींना कळले नाही. त्या गॅरेजला ती पुन्हा आली नाही.

आता गाड्याही पालटल्या आहेत. मदतनीस आय.टी.आय. शिकून आलेला तरुण आहे. तो गाडीला एक यंत्र जोडतो आणि पडद्यावर ‘पी ०३०१’ अशी अक्षरे उमटतात. पहिल्या सिलिंडरात स्फोट नीट होत नाही, असा त्याचा अर्थ. मिस्त्रींनी चष्मा लावून असे संकेत एका वहीत उतरवून घेतले आहेत. साठीनंतर वही हाती धरण्याची त्यांना लाज वाटत नाही. परंतु दोष प्लगमध्ये, कॉइलमध्ये की तारेत, हे शोधून काढावे लागतेच. तेथे गुरुशिष्य बरोबरीने वाकतात आणि कधी शिष्य आधी बोलतो.

एकादशीला गॅरेज लवकर बंद होते. मिस्त्री साबणाने कोपरापर्यंत हात धुतात, तरी नखांच्या कडांना काळी रेघ राहतेच. मग ते मारुतीच्या देवळात पखवाज घेऊन बसतात. डाव्या पुडीला कणकेचा गोळा लावतात, थाप देतात, ऐकतात, थोडी कणीक काढतात, पुन्हा ऐकतात. मनाजोगा आवाज येईपर्यंत भजनाला सुरुवात होत नाही. लोकांना त्याची सवय झाली आहे. मध्येच कोणी तरी शेजारी सरकून आपला ट्रॅक्टर कसा खडखडतो, ते तोंडाने करून दाखवू लागतो.

“उद्या घेऊन या,” मिस्त्री हळूच म्हणतात. “सांगून आवाज कळत नाही.”