‘एंडेव्हर’ : प्रयत्नामागील कर्तव्याचा अर्थ

शासकीय पत्रव्यवहारात ‘प्रयत्न’ हा शब्द वारंवार वापरला जातो. ‘याबाबत प्रयत्न चालू आहेत’, ‘काम लवकरात लवकर पूर्ण करण्याचा प्रयत्न करण्यात येईल’ अशी वाक्ये कोणत्याही कचेरीतील धारिकेत सहज सापडतील. नळपाणी योजना असो, शाळेची खोली असो किंवा पाणंद रस्ता असो, उत्तरात हा शब्द आला की काम लांबणीवर पडले असे अर्जदार मनोमन समजून चालतो. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असला, तरी वापरून वापरून या शब्दाची धार बोथट झाली आहे.

मात्र हाच शब्द भारताच्या संविधानातही महत्त्वाच्या ठिकाणी आलेला आहे. राज्य धोरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये राज्याने काय करावे हे सांगताना इंग्रजी संहितेत ‘एंडेव्हर’ हे क्रियापद अनेकदा योजलेले आहे. मराठीत आपण त्याचा अर्थ ‘प्रयत्न करणे’ किंवा ‘प्रयत्नशील राहणे’ असा करतो. हा अर्थ चुकीचा नाही; परंतु मूळ शब्दात असलेली एक छटा त्यात उतरत नाही. ती छटा कर्तव्याची आहे. प्रशासनात व पंचायतीत काम करणाऱ्यांनी ती समजून घेणे उपयुक्त ठरेल.

शब्दाचे मूळ

इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर दीर्घकाळ तेथील दरबाराची व न्यायालयांची भाषा मुख्यतः फ्रेंच होती. आपल्याकडे अर्ज, तहसील, जमाबंदी हे शब्द जसे मुसलमानी अमदानीत कारभारात आले आणि पुढे मराठीचेच झाले, तसेच शेकडो फ्रेंच शब्द इंग्रजीत मुरले. ‘एंडेव्हर’ हा त्यांपैकीच एक होय. फ्रेंच भाषेत कर्तव्याला ‘दव्वार’ म्हणतात. एखादे काम अंगावर घेणे या अर्थी ‘स्वतःला कर्तव्यात घालणे’ असा वाक्प्रचार त्या भाषेत रूढ होता. मध्ययुगीन इंग्रजीने तो जवळजवळ जसाच्या तसा उचलला आणि त्यातील ‘कर्तव्यात’ या भागापासून एक नवे क्रियापद तयार झाले.

प्रारंभीच्या वापरात या क्रियापदाचे कर्म पुष्कळदा कर्ता स्वतःच असे. अमुक गोष्टीसाठी मनुष्य ‘स्वतःला एंडेव्हर करतो’, म्हणजे त्या गोष्टीच्या बंधनात स्वतःला ठेवतो, अशी ती रचना होती. सोळाव्या शतकातील इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकातही ती आढळते. पुढे ‘स्वतःला’ हा शब्द गळाला, कर्तव्याचा भाव पुसट होत गेला आणि ‘नेटाने प्रयत्न करणे’ एवढाच अर्थ प्रचारात उरला. कॅप्टन जेम्स कुक १७६८ मध्ये ज्या जहाजातून दक्षिण समुद्राच्या सफरीवर निघाला, त्याचे नाव ‘एंडेव्हर’ होते. १९९२ मध्ये प्रथम झेपावलेल्या अमेरिकन अवकाशयानालाही हेच नाव, त्या जहाजाची आठवण म्हणून देण्यात आले. तोपर्यंत हा शब्द धाडसी उपक्रमाचा वाचक झाला होता.

‘दव्वार’ या फ्रेंच शब्दाचे मूळ ‘देबेरे’ या लॅटिन क्रियापदात आहे. ‘दुसऱ्याचे आपल्याकडे असणे’, अर्थात ‘देणे लागणे’ हा त्याचा अर्थ. कचेरीतील ‘ड्यूटी’, बँकेच्या पासबुकातील ‘डेबिट’ आणि थकबाकी दर्शविणारा ‘ड्यू’ हे शब्द याच कुळातील आहेत. मूळ अर्थाने पाहिल्यास ‘एंडेव्हर’ करणारा मनुष्य कोणावर उपकार करीत नसून आपल्याकडील देणे फेडीत असतो. जन्मतःच मनुष्यावर काही ऋणे असतात आणि ती कर्माने फेडावयाची असतात, ही आपल्याकडील जुनी कल्पना या अर्थाच्या अगदी जवळची आहे.

इतर समानार्थी क्रियापदे

प्रयत्नवाचक इतर इंग्रजी क्रियापदांशी तुलना केली म्हणजे हा फरक अधिक स्पष्ट होतो. ‘ट्राय’ हे क्रियापद निवडणे, वेगळे करणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून आले आहे. धान्यातून खडे निवडावेत तसे खरे-खोटे निवडणे हा त्याचा जुना अर्थ. म्हणूनच न्यायालयातील खटल्याला ‘ट्रायल’ म्हणतात. ‘अटेम्प्ट’च्या मुळाशी चाचपून पाहण्याची, कसोटी घेण्याची कल्पना आहे. ‘स्ट्राइव्ह’ हे भांडणे, झगडणे या अर्थाच्या शब्दापासून आले असून विरोधाला तोंड देत नेटाने पुढे जाणे असा त्याचा आशय आहे.

मराठीतील ‘प्रयत्न’ हा शब्द संस्कृत ‘यत्’ या धातूपासून व ‘प्रयास’ हा ‘यस्’ या धातूपासून सिद्ध झाला आहे; ‘उद्योग’ शब्दात ‘युज्’ म्हणजे जोडणे हा धातू आहे. या सर्व शब्दांत श्रमाचा व चिकाटीचा भाव आहे. देणे लागण्याचा भाव मात्र नाही. म्हणून ‘एंडेव्हर’चे भाषांतर ‘प्रयत्न’ असे केले, तरी त्यामागील कर्तव्य वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे लागते.

संविधानातील योजना

ग्रामीण भागातील कुटिरोद्योगांना वैयक्तिक किंवा सहकारी तत्त्वावर चालना देणे (अनुच्छेद ४३), शेती व पशुसंवर्धन यांची आधुनिक पद्धतीने उभारणी करणे (अनुच्छेद ४८), तसेच १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेले पर्यावरण, वने व वन्यजीव यांचे संरक्षण (अनुच्छेद ४८ क) या सर्व ठिकाणी राज्याने ‘एंडेव्हर’ करावे असे म्हटले आहे. ही तत्त्वे न्यायालयामार्फत अंमलात आणता येत नाहीत, हे अनुच्छेद ३७ मध्ये स्पष्ट केलेले आहे. तथापि, देशाच्या कारभारात ती मूलभूत असून कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य राहील, असेही तोच अनुच्छेद सांगतो. शब्दाच्या मुळाशी असलेले कर्तव्य अशा प्रकारे संविधानाने वेगळ्या वाक्यात उघडपणे नोंदविले आहे.

१९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तत्त्वांवर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘स्ट्राइव्ह’ या क्रियापदाच्या योजनेचे कारण सांगितले होते. परिस्थिती प्रतिकूल असली तरी सरकारने या तत्त्वांच्या पूर्ततेसाठी झटत राहिले पाहिजे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. हा शब्द नसता, तर परिस्थिती वाईट आहे, पैसा अपुरा आहे, म्हणून प्रयत्नही करता येत नाही, असे म्हणण्यास कोणत्याही सरकारला वाव राहिला असता. यावरून दिसून येते की, संविधानकारांनी प्रयत्नवाचक शब्द पळवाट म्हणून ठेवलेला नसून पळवाट बंद करण्यासाठी योजलेला आहे.

येथे ‘राज्य’ म्हणजे केवळ मंत्रालय नव्हे. अनुच्छेद ३६ व १२ एकत्र वाचले असता स्थानिक प्राधिकरणेही या संज्ञेत येतात. म्हणजेच जिल्हा परिषद, नगरपालिका आणि ग्रामपंचायत यांनाही हे क्रियापद लागू आहे.

सोलापूरची साक्ष

प्रयत्न आणि कर्तव्य यांचे हे नाते सोलापूरच्या भूमीला नवे नाही. बाराव्या शतकात, सोन्नलिगे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावी सिद्धरामेश्वर होऊन गेले. महात्मा बसवेश्वरांचे ते समकालीन. शहराच्या मध्यभागी असलेला सिद्धेश्वर तलाव त्यांनी लोकांच्या श्रमातून खोदविला, अशी परंपरा आहे. शरणांच्या विचारात ‘कायक’ या कल्पनेला मोठे स्थान आहे. देहाने केलेले प्रामाणिक काम हीच पूजा आणि त्यातून मिळालेले समाजासाठी खर्चणे हे कर्तव्य, असा तिचा अर्थ. पावसाचे प्रमाण कमी असलेल्या या प्रदेशात तलाव खोदणे हे त्या काळचे लोकांचे देणेच होते. मराठी, कन्नड व तेलुगू या तिन्ही भाषा बोलणाऱ्या या शहरात ‘प्रयत्न’ हा शब्द तिन्ही भाषिकांना समजतो. परंतु ‘कायक’ या शब्दात ‘एंडेव्हर’चा जुना अर्थ अधिक नेमकेपणाने उतरला आहे.

वर उल्लेखिलेल्या तत्त्वांचा हिशेबही याच जिल्ह्यात पाहता येतो. अनुच्छेद ४३ मधील कुटिरोद्योगाचे उदाहरण म्हणजे सोलापूरचा विणकर. तेलंगणातून येथे येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली समाजाने हातमागाचे, पुढे यंत्रमागाचे काम वाढविले आणि सोलापुरी चादर देशभर पोहोचविली. या चादरीला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळाले आहे. असे असूनही, हातमागावरील विणकराचे उत्पन्न व त्याच्या कलेची पुढील पिढी हे प्रश्न सुटलेले नाहीत.

अनुच्छेद ४८ क ची कसोटी उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नजच्या माळावर लागली. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले. शेती, वस्ती आणि माळराने यांचा मेळ घालणे कठीण गेले, अभयारण्याची हद्द पुढे मोठ्या प्रमाणात कमी करावी लागली आणि आज माळढोकाचे दर्शनही दुर्मीळ झाले आहे. येथे देण्याची बाजू जमेपेक्षा मोठी राहिली, हे मान्य करावे लागेल.

शिक्षणाच्या बाबतीत तर क्रियापदच बदलले. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्याने दहा वर्षांच्या आत ‘एंडेव्हर’ करावे, असे मूळच्या अनुच्छेद ४५ मध्ये होते. मार्गदर्शक तत्त्वांपैकी केवळ याच तत्त्वाला मुदत घातलेली होती. ती १९६० मध्ये संपली. उद्दिष्ट मात्र अपुरे राहिले. अखेर २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१ क समाविष्ट झाला आणि सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी ‘प्रयत्न करील’ याऐवजी राज्य शिक्षण ‘देईल’ असा शब्द आला. १ एप्रिल २०१० पासून हा हक्क अंमलात आहे. सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण यांसाठी मात्र आजही ‘एंडेव्हर’ हेच क्रियापद कायम आहे.

शब्द बदलला तरी तो खरा करणारा माणूस शाळेतच असावा लागतो. माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले हे शिक्षक २००९ मध्ये रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीस आलेली होती. मुलींना पाठ्यपुस्तकाची भाषा नीट समजत नाही हे पाहून त्यांनी पुस्तकांचे मुलींच्या मातृभाषेत भाषांतर केले आणि क्यूआर संकेतचिन्हांद्वारे त्यांना ध्वनिफिती व चित्रफितींची जोड दिली. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला व त्याची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. पुस्तकांचे भाषांतर करण्याचे बंधन त्यांच्यावर कोणी घातलेले नव्हते. ते त्यांनी स्वतःच स्वतःवर घालून घेतले. ‘स्वतःला कर्तव्यात घालणे’ या जुन्या वाक्प्रचाराचे याहून सोपे उदाहरण देणे कठीण आहे.

व्यवहारातील उपयोग

या विवेचनावरून काही गोष्टी लक्षात घेता येतील. ‘प्रयत्न चालू आहेत’ असे उत्तर लिहिताना कोणते काम झाले, कोणते राहिले, ते कोणाकडे आहे आणि केव्हा होईल, एवढे चार तपशील त्यासोबत दिले, तर त्या वाक्याला हिशेबाचे स्वरूप येते. ग्रामसभेत मागील ठरावांचा आढावा घेताना झालेल्या कामांबरोबर बाकी राहिलेल्या कामांची यादी वाचून दाखविणे हाही त्याचाच भाग होय. विद्यार्थ्यांना संविधानाची तत्त्वे शिकविताना शिक्षकांनी या क्रियापदाचा मूळ अर्थ सांगितला, तर ‘प्रयत्न’ म्हणजे न करण्याची सबब नव्हे, ही जाण लहानपणीच रुजेल.

साधने अपुरी असतील, पाऊस दगा देईल, निधी वेळेवर येणार नाही. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना हे सांगावे लागत नाही. अशा वेळी काम अपुरे राहणे क्षम्य ठरेल. पण राहिलेले काम आपले देणे आहे, याचा विसर पडणे क्षम्य ठरणार नाही. संविधानाने योजलेल्या या क्रियापदाची अपेक्षा तेवढीच आहे.