नव्या शिक्षकाचा परिचय : एक लहानसा प्रयोग

शाळेचे नवे वर्ष सुरू होते आणि नवा शिक्षक वर्गात येतो. मुख्याध्यापक त्याचे नाव, पदवी व विषय सांगतात, मुले उभी राहून नमस्कार करतात आणि परिचय झाला असे आपण मानतो. वस्तुतः मुलांच्या मनातले प्रश्न पदवीविषयी नसतातच.

शिरगावात मी मराठी शिकवावयास आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका मुलीने विचारले, "सर, तुमी घरा मराठी उलयतात?" माझे नाव ऐकून तिला कुतूहल वाटले, एवढेच, त्यात खोच मुळीच नव्हती. मी मात्र हसून धडा पुढे चालू केला. ते उत्तर माझ्याकडे बाकी राहिले.

ह्या बाकीची फेड करण्याचे एक साधन आज उपलब्ध आहे. त्याला 'डिजिटल कथाकथन' म्हणतात. अमेरिकेत डेना अॅचली व जो लॅम्बर्ट ह्यांच्या प्रयत्नांतून १९९४ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्को येथे ही पद्धत आकारास आली. सामान्य माणसाने आपल्या आयुष्यातला एक प्रसंग स्वतःच्या आवाजात, थोड्या छायाचित्रांसह, दोनतीन मिनिटांत सांगावा, एवढाच तिचा विस्तार. २००१ पासून बीबीसीने वेल्समधील गावोगावच्या लोकांकडून अशा कथा करवून घेतल्या. त्यांच्या कार्यशाळेत सगळे प्रथम वर्तुळात बसून आपापली कथा एकमेकांस ऐकवतात. यंत्राला हात लागतो तो त्यानंतर. नेमका हाच भाग आपण विसरतो.

आपल्याकडच्या माणसाला हे नवल वाटू नये. पेडण्याहून पत्रादेवी ओलांडून कुडाळजवळच्या पिंगुळीस गेल्यास ठाकर समाजाचे चित्रकथी भेटतात. पोथीतले एकेक चित्र समोर धरून ते रामायण-महाभारतातील आख्याने गाऊन सांगत आले आहेत. तेथील परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्र थोडे आणि आवाज मुख्य, हा हिशेब त्यांना संगणकापूर्वीच ठाऊक होता.

माझा पहिला प्रयत्न पुरता फसला. पदवीदान समारंभ, बक्षिसे, पाहुण्यांशेजारी उभे राहून काढलेले फोटो अशी वीस चित्रे आणि पाठीमागे सनईचे सूर! मुलांनी शांतपणे पाहिले. शेवटच्या बाकावरून एकच प्रश्न आला : फोटो कोणत्या मोबाईलने काढले?

मग संगणक बंद करून मी वही घेतली आणि एकच प्रसंग लिहिला. आमच्या घरी आईशी उर्दू, शेजाऱ्यांशी कोकणी. मराठी भेटली ती शाळेत. चौथीत मोठ्याने वाचताना मी 'पाणी'चे 'पानी' केले आणि वर्ग हसला. मी वाचणेच सोडले. अब्बा खाणीच्या वर्कशॉपमध्ये कामाला होते. संध्याकाळी अंगावरची तांबडी धूळ धुऊन ते बसत आणि माझ्याकडून मराठी वर्तमानपत्र वाचून घेत. त्यांना स्वतःला अक्षरे जेमतेम लागत. चुकलो की म्हणत, "फिर से." सबंध वर्षभर हेच.

सुमारे दोनशे शब्द झाले. चित्रे सहा : अब्बांचा जेवणाचा डबा, घराची पायरी, जुन्या वर्तमानपत्राची घडी, माझे चौथीचे प्रगतिपुस्तक, आमची गल्ली आणि शेवटी अब्बा. पंखा बंद करून मोबाईलवरच आवाज नोंदवला. 'फिर से' म्हणताना तो कापला. पुन्हा नोंदवावे असे वाटले, पण तसाच ठेवला. चित्रे पॉवरपॉइंटमध्ये जोडली. कॅन्व्हावरही हे सहज होते. संगीत घातले नाही. दुसऱ्याचे गाणे विनापरवाना वापरू नये, आणि येथे त्याची गरजही नव्हती.

ह्या वेळी मुले हसली ती 'पानी'पाशी, आणि मीही हसलो. ती प्रश्न विचारणारी मुलगी म्हणाली, "म्हणजे तुमी आमच्यासारकेच!" दुसऱ्या दिवशी एक मुलगा फोटो घेऊन आला. २०१२ च्या खाणबंदीपासून त्यांच्या अंगणात उभा असलेला ट्रक त्यात होता. त्याला त्याची कथा करावयाची होती.

येथे एक सावधगिरी सांगतो. शिक्षकाच्या कथेत मुलांचे चेहरे नसावेत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील सर्वजण बालकच ठरतात आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. म्हणून मुलांच्या कथा आम्ही वर्गातच पाहतो, व्हॉट्सअॅपवर धाडत नाही.

माझी कथा मात्र घरी पोहोचावी असे वाटले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी, ज्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड लावून धडे-कवितांचा आवाज मुलांच्या घरापर्यंत नेला. तसाच एक कोड मी मुलांच्या वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवला.

पुढच्या पालकसभेस त्या ट्रकवाल्या मुलाचे वडील आले. ते एरवी येत नसत. "सर, तुमचे अब्बा कोणत्या वर्कशॉपात होते?" त्यांनी विचारले. आम्ही व्हरांड्यात अर्धा तास बोलत उभे राहिलो. मुलाच्या गुणांचा विषय निघाला तो ते चपला घालताना.